मिरजेचं विरजण

दूध वर येत असतानाच ओट्यावरचा फोन थरथरला, आणि गॅस बंद करण्याआधी अवधूतने फोन पाहिला. दूध उतू गेले. पुढे दिवसभर त्याला राहून राहून वाटत राहिले, की या दोन गोष्टींचा क्रम तेवढा उलटा झाला असता तर बाकीचे काहीच घडले नसते. संदेश व्हिएन्नाहून होता, थोरल्या भावाचा, अभिजीतचा. "अव्या, आईचं पुढच्या शनिवारचं तिकीट ऑगस्टपर्यंत पुढे ढकलतोय. पोरांना सुट्ट्या लागतायत, आजी हवीच म्हणतात. आईपण मजेत आहे. आज सगळे दिवसभर भटकणार, फोटो टाकत राहतो." आणि शेवटी एक हसणारा पिवळा चेहरा. अवधूतने तो चेहरा बराच वेळ पाहिला. मग ओले फडके घेऊन त्याने शेगडी पुसली. जळक्या दुधाचा वास खिडकीतून बाहेर, खाली तळमजल्यावरच्या अनुसूयाक्कांच्या अंगणातल्या पारिजातकावर उतरत गेला. दुसरा शनिवार होता. बोम्मसंद्र्याचा त्याचा कारखाना बंद होता, आणि सुटीच्या दिवशी माणसाला स्वतःपासून लपायला जागा नसते.

चार वर्षांपूर्वी वडील गेले आणि तो आईला मिरजेहून बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत घेऊन आला. त्या रात्रीच्या गाडीत आईने सामानाकडे एकदाही पाहिले नव्हते. मांडीवर एक स्टीलचा डबा धरून ती खिडकीशी बसून होती. डब्यात दही होते. लग्न होऊन सासरी येताना तिने माहेरचे विरजण असेच डब्यातून आणले होते, आणि तेव्हापासून एक दिवस खंड न पडता त्याच दह्यातला चमचाभर दुसऱ्या दिवशीच्या दुधात जात आला होता. घरे बदलली, भांडी बदलली, माणसे गेली. दही तेच राहिले. मेच्या मध्याला व्हिएन्नाला निघताना तिने पिठांच्या डब्यांविषयी काही सांगितले नाही, देवांविषयी सांगितले नाही. चपला घालता घालता ती एवढेच म्हणाली, "अवधू, विरजण मोडू देऊ नकोस बाबा. तेवढंच राहिलंय आता मिरजेचं." ते वाक्य तो महिनाभर खिशात घातल्यासारखे घेऊन हिंडत होता. पिवळ्या मार्गाच्या मेट्रोत उभा असताना, कारखान्यात नळीच्या आतला व्यास शतांश मिलिमीटरपर्यंत मोजताना ते त्याच्या हाताला लागे आणि त्याला बरे वाटे. सहकाऱ्यांची दोन दिवसांची कुर्गची सहल त्याने टाळली, ती त्या वाक्यासाठी. कारण विचारल्यावर त्याने ताप आल्याचे सांगितले. दह्यासाठी घरी राहायचे आहे असे माणूस कोणाला सांगू शकतो? पण संध्याकाळी दूध कोमट झाले का ते करंगळी बुडवून पाहताना, 'दहा आकडे मोजेपर्यंत बोट राहिलं पाहिजे' हे आईचे माप पाळताना, त्याला वाटे की अभिजीतजवळ सारे काही असेल. मोठे घर, नदीकाठचा रस्ता, नीलिमावहिनी, तनय आणि शाल्मली अशी दोन गोड मुले, आणि आता महिनाभरापुरती आईसुद्धा. पण हे त्याच्याजवळ नाही. हे आईने आपल्याजवळ ठेवले आहे.

पहिला फोटो दुपारी बाराच्या सुमारास आला. तिथे सकाळचे साडेआठ. न्याहारीचे टेबल, खिडकीतून पडलेला तिरपा, स्वच्छ, परका उजेड, आणि त्या उजेडात मधोमध एक पांढरा वाडगा. वाडग्यामागे आई. तिच्या चेहऱ्यावर एक असे हसू होते, जे इथे त्याने कधी पाहिल्याचे त्याला आठवेना. फोटोपाठोपाठ सहा वर्षांच्या शाल्मलीचा आवाज आला, तोंडात घास असतानाचा: "काका, काका, हे बघ, आजीचं जादूचं दही! आजीने ना रुमालातून आणलं विमानात! कोणालाच कळलं नाही! तुझ्याकडे आहे का असं?" मागून वहिनी हसल्या, "अगं, त्यांच्याकडेच तर आहे ते." आणि अभिजीतचा आवाज आला, "चला, चला, ट्राम जाईल."

अवधूतने तो आवाज पुन्हा ऐकला. मग तिसऱ्यांदा ऐकला. रुमाल नव्हता तो. मलमलची हातभर पट्टी होती. आई निघायच्या दोन दिवस आधी गच्चीवरच्या दोरीवर, सावलीच्या बाजूला, ती वाळत होती. दह्यात बुडवून, वाळवून, पुन्हा बुडवून कडक केलेली. त्याला ती गुडघ्याला बांधायची वाटली होती. वारा सुटला तेव्हा त्यानेच वर जाऊन ती काढली, नीट चार घड्या घातल्या आणि आईच्या हातात दिली. "ही राहिली होती," असे म्हणाला होता तो. आणि आईने "हो रे बाबा, बरं झालं" म्हणून ती पर्समध्ये ठेवली होती. म्हणजे विरजण त्यानेच स्वतःच्या हाताने घडी घालून दिले होते. तेवढंच राहिलंय आता मिरजेचं. त्याने खिशात हात घातला आणि खिसा रिकामा निघावा तसे त्याला झाले. चोरीला गेल्याचे दुःख नव्हते ते, आपल्याजवळ कधी काही नव्हतेच हे उमगल्याची शरम होती.

दुपार चढली. फोटो येत राहिले आणि तो ते पाहत राहिला. फोन उलटा ठेवायचा, दोन मिनिटांनी पुन्हा उचलायचा. रंगीत कौलांचे उंच देऊळ, म्हणजे चर्च, आणि त्याच्यापुढे मान वर करून उभी आई. पायांत पांढरे कापडी बूट, वर तिची तीच काठापदराची साडी. चौकातली घोडागाडी, नऊ वर्षांचा तनय घोड्याच्या नाकाला भीत भीत हात लावतो आहे आणि आई त्याचे दुसरे मनगट धरून आहे. रस्त्याकडेच्या नळाला तोंड लावून पाणी पिणारी शाल्मली. बाकावर चौघेजण आइस्क्रीम खाताहेत. पायऱ्या. आणखी पायऱ्या, आणि त्यांच्या वरच्या टोकाला पुन्हा आई, कमरेवर हात ठेवून, विजयी. अवधूतने बोटांनी तो फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आईचे गुडघे चौकोनी ठिपक्यांत फुटेपर्यंत. जानेवारीत तो तिला लालबागेतले फुलांचे प्रदर्शन पाहायला चल म्हणाला होता. लालबाग घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. "नको रे, माझे गुडघे कुठं चालणारेत एवढं. तू जाऊन ये, फोटो दाखव." तो एकटा गेला होता. फुलांच्या त्या भल्यामोठ्या मनोऱ्यापुढे लोक घराघराने उभे राहून फोटो काढत होते, आणि एका गृहस्थाने त्याच्या हातात फोन देऊन म्हटले होते, "सार, ओंदु फोटो." त्याने त्यांचा फोटो काढून दिला. त्या दिवशी त्याने एकूण तीन कुटुंबांचे फोटो काढले. आईला दाखवायला त्याच्याजवळ एकही नव्हता.

साय अभिजीतला मिळे. ही आठवण इतकी जुनी आणि इतकी क्षुद्र होती, की तिची त्याला लाज वाटे, आणि म्हणूनच ती कधी विरली नाही. मिरजेच्या स्वयंपाकघरात आई दह्यावरची जाड पिवळसर साय एका हाताने दुमडून अभिजीतच्या वाटीत सोडी. "त्याचा दहावीचा अभ्यास आहे," मग "त्याची बारावी आहे," मग "तो काय आता चार दिवसांचा पाहुणा, जाईल परत होस्टेलला." आणि अवधूतच्या वाटीत खालचे पांढरे दही. तेही गोडच असे. एकदा, दहा-अकरा वर्षांचा असताना, त्याने धीर करून विचारले होते, "मला का नाही?" आई हसली होती आणि तिने पिठाचा हात त्याच्या गालाला लावला होता. "तू घरचा आहेस ना रे." त्या वेळी त्याला हे फार मोठे काही मिळाल्यासारखे वाटले होते. आता पस्तिशीकडे झुकताना, एका परक्या शहराच्या दुसऱ्या मजल्यावर शनिवारच्या उन्हात बसून त्याला दिसत होते, की घरच्या माणसाला कोणी फिरायला नेत नाही. त्याच्याबरोबर फिरायला कोणी निघत नाही. त्याने घराला कुलूप लावायचे, कुलूप काढायचे, दूध तापवायचे. पाहुण्यांसाठी बूट घालायचे, पायऱ्या चढायच्या. घरच्यासमोर गुडघे दुखायचे.

तीन वाजून गेल्यावर त्याने फ्रीज उघडला. दह्याचे मातीचे भांडे पुढेच होते, कालचे दही, वर साय. अखंड, हलकी सुरकुती पडलेली, कोणाचा हात न लागलेली साय. तो उभ्यानेच खाऊ लागला. आधी साय, एका घासात, मग खालचे. भूक नव्हती. पाचसहा चमच्यांनंतर दात शिवशिवू लागले, घशाशी थंडगार आंबटपणा दाटून आला, पण तो थांबला नाही. विरजणापुरते ठेवायची जी जागा असते, भांड्याच्या तळाशी डावीकडे, जिथे रोज त्याचा चमचा आपोआप थांबत असे, तिथे तो क्षणभर थांबला. त्या क्षणी खाली अंगणात कोणीतरी फाटकाची कडी वाजवली. तो कोणी पाहिल्यासारखा दचकला, आणि मग जणू त्या दचकण्याचाच राग येऊन त्याने उरलेले बोटाने निपटून चाटले. पाण्याची धार सोडून, काथ्याने घासून, भांडे उन्हात पालथे घातले. पालथ्या भांड्याचा तळ गेरूच्या रंगाचा, कोरडा होत गेला. झाले. त्याला वाटले होते की काहीतरी मोकळे होईल. पण नुसते पोट गार झाले होते, आणि ओट्यावर सकाळचे तापवलेले दूध झाकून ठेवलेले होते. ते कशाची तरी वाट पाहते आहे, असे त्याला वाटू लागले.

सहाला आईचा फोन आला. चित्र डुगडुगत होते. मागे प्रचंड मोठे लोखंडी चक्र, त्याला लटकलेले लाल लाल डबे, आणि निळे, न संपणारे दुपारचे आकाश.

"अवधू, दिसतंय का रे? बघ, त्यात बसून आले मी! पाळणा नाही म्हणायचा त्याला, खोलीच आहे अख्खी. तुझा भाऊ घाबरला, मी नाही."

"दिसतंय," तो म्हणाला.

"जेवलास का? आवाज असा काय?"

"दही खाल्लं थंड."

"हां. विरजण आहे ना?"

"आहे," तो म्हणाला. एवढा छोटा शब्द तोंडातून निघायला कितीसा वेळ लागतो! तेवढ्या वेळात त्याची नजर खिडकीतल्या पालथ्या भांड्याकडे जाऊन आली.

आईने फोन कानाशी घेतला. आता तिच्या चेहऱ्याऐवजी फक्त कान आणि पांढरे केस दिसत होते. "ऐक, तुला म्हणून सांगते. इथं ते लागतच नाही रे नीट. चार वेळा लावलं. तार सुटते, नाहीतर पाणी. नीलिमा बिचारी दुकानातल्या डब्यातलं वाडग्यात काढते आणि पोरांना म्हणते, आजीचं दही. मीही काही बोलत नाही. पोरं खूश आहेत." दुरून शाल्मलीचे ओरडणे ऐकू आले, "आजी, परत!" आई म्हणाली, "आले गं. अवधू, ते ऑगस्टचं अभि म्हणतोय ना, मी अजून हो म्हटलेलं नाही. म्हटलं, अवधूशी बोलते आणि सांगते. तू काय म्हणतोस?"

आयुष्यभर ज्या प्रश्नाची तो वाट पाहत होता, तो असा, पाळण्यांच्या गोंगाटात, एका कानाच्या चित्रातून आला. तू काय म्हणतोस. एक शब्द पुरे होता. पण तो शब्द उच्चारला तर पुढच्या शनिवारी ती जिना चढून येईल, पिशवी खाली ठेवण्याआधी फ्रीज उघडील, आणि एक चमचा तोंडात घालील. तिला कळेल. ज्या जिभेने चाळीस वर्षे एकच दही चाखले, तिला कळल्याशिवाय राहील? आणि मग ती काही बोलणार नाही. तिचे ते न बोलणे त्याला आत्ताच, इथे, ऐकू येऊ लागले.

"राहा की," तो म्हणाला. "मुलांना सुट्ट्या आहेत. माझं काय, मी आहेच."

"राहू?"

"हो, राहा. बरं वाटतंय ना तुला तिथं."

"बरं," आई म्हणाली. तो शब्द तिने अगदी सपाट म्हटला, पोळपाट उचलून भिंतीला लावून ठेवावा तसा. मग फोन बंद झाला. अवधूत समोरच्या काळ्या काचेत स्वतःचा चेहरा पाहत बसला, आणि त्याच्या लक्षात आले की दिवसभर ज्याचा आपण हेवा केला, त्याच्या हातात आपणच आत्ता आई नेऊन दिली. पुन्हा एकदा, नीट चार घड्या घालून.

किती वेळ गेला कोण जाणे. खाली अनुसूयाक्कांनी अंगणातला दिवा लावला तेव्हा तो उठला, वाटी घेतली आणि जिना उतरला. अक्कांचे घराणे पिढ्यान्पिढ्या बेंगळुरूचे. त्यांच्या मराठीला कानडीची अशी हळद लागलेली, की पहिले सहा महिने आई त्यांच्याशी बोलताना फक्त हसत असे. आता दोघी दुपारभर गप्पा मारत. अक्का पायरीवर बसून शेंगा निवडत होत्या. त्याच्या हातातली वाटी त्यांनी पाहिली आणि काही विचारायच्या आधीच त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"ये रे अवधूता, आत ये. चमचाभर पुरे ना?"

"अक्का, मी... पाकिटातलं नको होतं. घरचं असेल तर."

"घरचंच. तुमच्या घरचं." त्या फ्रीजमधून डबा काढत म्हणाल्या. "तुझी आई जायच्या दिवशी सकाळी येऊन देऊन गेली. म्हणाली, अनुसूया, पोर एकटा आहे, कामाचा माणूस आहे, कधीतरी मोडेल त्याच्या हातून. मोडलं की वाटी घेऊन येईल. तेव्हा दे. आणि का मोडलं म्हणून विचारू नको." अक्का हसल्या. "सरी, मी नाही विचारत. पण एक सांगतो, माझ्या सुनेला, सुप्रीताला, ठाऊक नव्हतं. ती एक दिवस आमचं दही त्यात घातली. आता दोन्ही एकात गेलं. तुमचं किती, आमचं किती, वेगळं काढायला येत नाही. चालेल ना?"

"चालेल," तो म्हणाला.

"मग तोंड स्वल्प हसरं कर की. दही आंबेल तुझ्याकडं बघून."

जिना चढताना वाटी त्याने दोन्ही हातांत धरली होती. तिसऱ्या ठिकाणीही होते, तर! व्हिएन्नात पट्टी, खाली डबा, वर तो. काही वेळापूर्वी ही गोष्ट कळली असती तर तो याही घरावर जळला असता, या अक्कांवर, त्यांच्या फ्रीजवर. आताही आत कुठेतरी ते जळणे होतेच, राख झाली नव्हती; तिने आपल्यावर सोपवले आणि सोपवताना आपल्या मोडण्याचीही सोय करून ठेवली, हे अविश्वासाचे म्हणावे की आणखी कशाचे, हे त्याला ठरवता येईना. पट्टी तिने धाकट्याच्या घरून थोरल्याकडे नेली; पण वाटी घेऊन कोण येणार, हे तिने कोणासाठी सांगून ठेवले होते? साय दुमडून दुसऱ्याच्या वाटीत सोडणाऱ्या त्या हाताला तळाशी काय उरते तेही ठाऊक होते की काय?

त्याने दूध पुन्हा कोमट केले. करंगळी बुडवून दहा आकडे मोजले. चमचाभर दही घातले, मोडले, ढवळले, पालथे भांडे सुलटे करून त्यात ओतले, वर ताटली झाकली आणि भिंतीच्या उबदार कोपऱ्यात ठेवले. मग त्याने फोन उचलला. लाजाळू माणसे फोन उचलण्यापूर्वी मनात जी वाक्ये जुळवतात, ती त्याने जुळवली नाहीत.

अभिजीतने घेतला. "बोल अव्या! अरे, पोरांनी नुसता पिच्छा..."

"आईला दे."

"काय झालं? सगळं ठीक?"

"ठीक आहे. आईला दे."

थोडी खरखर, कोणाचे तरी हसणे, अभिजीतचा लांबून आलेला आवाज, "बघ गं, साहेब रुसलेत." मग श्वास. आई जिना चढल्यावर घेते तसा.

"आई," तो म्हणाला. "विरजण मी मोडलं. आज. मुद्दाम."

पलीकडे ते मोठे चक्र फिरत असावे. त्याची मंद करकर ऐकू येत होती. आई काही बोलली नाही. पण हे न बोलणे मघाशी त्याने कल्पिले होते तसे नव्हते.

"मग? खाली गेलास?"

"हो. आत्ता लावलंय."

"करंगळी?"

"दहा आकडे."

"मग ताटली उचलून बघत बसू नकोस सारखी. तुझी सवय आहे."

"आई, तू शनिवारी ये. ऑगस्ट नको."

"आधी ते लागू दे," आई म्हणाली. तिच्या आवाजात काय होते ते त्याला नीट कळले नाही. हसू होते की थकवा, की दोन्ही बाजूंनी ओढल्या जाणाऱ्या माणसाचे एखादे जुने, सवयीचे दुखणे. "सकाळी उठलास की मला सांग, कसं लागलंय ते. मग बघू."

फोन ठेवून तो कोपऱ्यातल्या भांड्याशेजारी जमिनीवरच बसला. ताटलीला हात लावला नाही. बाहेर पारिजातकात चिमण्यांचा शेवटचा गलका चालला होता. दहा मिनिटांनी फोन थरथरला: दिवसाचा आणखी एक फोटो. चक्राखाली सगळे ओळीने उभे. अभिजीत, त्याचा हात वहिनींच्या खांद्यावर, तनय, जीभ बाहेर काढलेली शाल्मली. सगळे समोर पाहताहेत, सगळ्यांच्या चेहऱ्यावर ऊन. एकटी आई पाहत नाही. ती ओळीच्या कडेला, किंचित पाठमोरी उभी आहे. मान खाली, पदर वाऱ्याने उडालेला, आणि फोन कानाशी घट्ट धरलेला, दुसऱ्या कानावर तळहात, पलीकडचे नीट ऐकू यावे म्हणून. अवधूतने तो फोटो मोठा केला नाही. आहे तेवढाच ठेवून तो बघत राहिला.